थांबलेली कळ

सांगलीच्या मार्केट यार्डात अण्णांची हळदीची अडत. वय 64, मधुमेह जुना, आणि पित्ताशयात खडे असल्याचे दोन वर्षांपूर्वीच कळलेले. शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांनी 'यंदाचा हंगाम होऊ द्या' म्हणून पुढे ढकलला होता. हंगाम संपतो, व्यापाऱ्याचे 'यंदा' मात्र संपत नाही.

ऐन सौद्यांच्या दिवसांत एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि उजव्या खांद्यापर्यंत गेली. उलट्या झाल्या, अंगात कणकण आली. पित्त खवळले असे समजून अण्णा ओवा चावून पहाटेपर्यंत बसून राहिले आणि सकाळी सौद्याला उभे राहिले. तीन दिवस कळ टिकली. चौथ्या दिवशी ती एकाएकी उतरली. घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

वस्तुतः आजार त्याच दिवशी बळावला होता. खड्याने पित्ताशयाचे तोंड बंद झाले की आत पित्त साचते, भिंत सुजते, तिचा रक्तपुरवठा खुंटतो आणि क्वचित ती सडून फुटते. फुटताच आतील ताण उतरतो, म्हणून कळही काही काळ शमते. पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेले असते. त्यामुळे दूषित पित्त कधी कधी थेट यकृतात शिरते आणि तेथे पुवाचे गळू होते. वृद्धांना व मधुमेह्यांना याची वेदना पुरती जाणवतेच असे नाही.

आठवड्याने हुडहुडी भरून ताप येऊ लागला, अन्नावरची वासना उडाली. धाकटा मुलगा म्हणाला, "अण्णा, दुकान मी उघडतो. तुम्ही आज दवाखान्यात चला." सोनोग्राफी व सीटी स्कॅनमध्ये यकृतातील गळू स्पष्ट दिसले. त्वचेतून बारीक नळी घालून पू काढला गेला, शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. सूज ओसरल्यावर, दोन महिन्यांनी, दुर्बिणीतून पित्ताशय काढले.

रोजमेळात रुपयाचा फरक आला तरी न झोपणारे अण्णा आता पेढीवर पुन्हा बसतात. परवा शेजारच्या अडत्याने पोटातली कळ आपोआप गेल्याचे आनंदाने सांगितले. अण्णांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "सावकाराने तगादा थांबवला म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही. उद्याचा सौदा मी पाहतो. तुम्ही आधी तपासून या."