दोन सारख्या चादरी

मे महिना लागला की आमच्या भुसावळात घराघरांतली अंथरुणे गच्चीवर जातात. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत गरम असतात, खोलीत झोपवत नाही. शेजारपाजारच्या गच्च्यांवरून गप्पा चालतात आणि मुले एकमेकांच्या गच्चीवर झोपायला जातात. आमचा धाकटा मात्र कधी गेला नाही. अकरा वर्षांचा होईपर्यंत तो उन्हाळ्यातही खाली खोलीत, पंख्याखाली, दार लावून झोपायचा. कारण फक्त घरच्यांना ठाऊक होते. आठवड्यातून तीन-चार रात्री त्याचे अंथरूण ओले व्हायचे.

त्यापायी आम्ही चार वर्षे कोणाकडे मुक्काम केला नाही. ईदला त्याच्या नानीकडे जायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. लग्न असले तर वलीमा न जेवताच निघायचो. नातेवाईक म्हणायचे, नोकरीवाल्यांना फार घाई. आम्ही हसून वेळ मारून न्यायचो.

आणि सहावीच्या परीक्षेनंतर एक दिवस तो शाळेतून स्काउट शिबिराचा कागद घेऊन आला. मेचा पहिला आठवडा, सात दिवस, सातपुड्यात रावेर तालुक्यातल्या पालला. खाली सामानाची यादी होती: गणवेश, स्कार्फ, शिट्टी, दोरी, काठी, ताट-वाटी-पेला, टॉर्च, अंथरूण-पांघरूण. त्याने तो कागद आमच्या पुढ्यात ठेवला आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "मला नाही जायचं. फक्त सही करून द्या, जाणार नाही म्हणून."

आम्ही सही केली नाही. कारण त्याच संध्याकाळी तो पलंगाच्या पायाला दोरीने क्लोव हिच बांधत बसला होता. बांधायची, सोडायची, परत बांधायची. तंबूच्या खुंट्याला आणि खांबाला हीच गाठ लागते, हे त्यानेच आम्हाला सांगितले. ज्याला जायचे नसते, तो गाठी पक्क्या करत बसत नाही.

खरे सांगायचे तर नाही म्हणणे आम्हाला सोपे होते. जेवणाचे कारण होते, नमाजेचे होते, उन्हाचे होते. पण शिबिराचे जेवण शाकाहारीच होते, नमाजेला वेळ देऊ असे सरांनी आधीच सांगितले होते, आणि पालचे डोंगर भुसावळपेक्षा थंडच. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पालक सभेत आईवडिलांना आम्हीच सांगतो की मुलांना सहलीला, शिबिराला पाठवा, घराबाहेर पडल्याशिवाय मूल मोठे होत नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, त्यात आम्हाला चांगले गुण होते. घरात मात्र आम्ही काय करत होतो? दुपारनंतर पाणी बंद. रात्री दर दोन तासांनी गदागदा हलवून उठवणे. दादी म्हणायच्या, "एवढा घोडा झाला, लाज वाटत नाही?" आणि आम्ही त्यांना थांबवत नव्हतो. तावीज झाला, तीळ-गूळ झाला, नवस झाले. राहिले होते ते फक्त डॉक्टर.

शिबिराला तीन आठवडे असताना आम्ही त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी लघवी तपासायला दिली, ती ठीक निघाली. मग त्यालाच समोर बसवून समजावले. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी शंभरात पाच जणांना. म्हणजे तुझ्या शाळेत तू एकटा नाहीस, बाकीचेही तुझ्यासारखेच गप्प आहेत. हा आळस नाही आणि खोडीही नाही. काही मुलांची झोप फार गाढ असते, मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूला उठवत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक पुरेसे तयार व्हायला उशीर लागतो. पोट साफ होत नसेल तर त्रास वाढतो. आमच्या मुलाला बद्धकोष्ठता होती, आणि तिचा याच्याशी संबंध असेल हे आमच्या डोक्यातही आले नव्हते.

पाणी बंद करू नका, उलट दिवसा भरपूर द्या, असे ते म्हणाले. फक्त संध्याकाळनंतर कमी करा, चहा आणि कोला नको, झोपण्यापूर्वी दोनदा जाऊन येऊ द्या. रागावणे, मारणे, हिणवणे एकदम बंद. शिबिरासारख्या प्रसंगी तात्पुरती घ्यायची एक गोळीही असते, पण ती आधी घरी घेऊन पाहावी लागते आणि तिच्यावर रात्री पाणी जपून प्यावे लागते. मेच्या उन्हात, आमच्या डोळ्यांआड, ते आम्हाला नको वाटले. डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

शेवटी त्यांनी विचारले, "हे पुष्कळदा आईवडिलांकडून येतं. तुम्हा दोघांत कोणाला होतं का?"

आम्ही दोघेही म्हणालो, नाही.

घरी येताना आमच्यातला एकजण, म्हणजे याचे अब्बू, एक शब्द बोलले नाहीत. रात्री इशाची नमाज पढून आले आणि जानमाज घडी करता करता म्हणाले, "मी खोटं बोललो. मला बाराव्या वर्षापर्यंत होतं." लग्नाला पंधरा वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत हे निघाले नव्हते. लहानपणी त्यांना ओली गोधडी डोक्यावर घेऊन अंगणात उभे करायचे, सगळी गल्ली पाहायची. तीच गल्ली त्यांनी मोठे झाल्यावर कायमची सोडली. त्या रात्री आम्ही बराच वेळ बसून राहिलो. आपण ज्या गोष्टीला मुलाची लाज समजत होतो, ती आपलीच जुनी लाज होती, हे लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी अब्बूंनी त्याला गच्चीवर नेले आणि सगळे सांगितले. काय बोलणे झाले ते आम्हाला पुरते कळले नाही. खाली आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "दादी अब्बूंना पण घोडा म्हणायच्या?" दादींनी ते ऐकले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून तो शब्द गेला, अल्हम्दुलिल्लाह.

मग खरी तयारी सुरू झाली. स्काउटचे ब्रीद एकाच शब्दाचे आहे: तयार. बेडन पॉवेल यांनी त्याचा अर्थ मनाने तयार आणि शरीराने तयार असा दोन्ही बाजूंनी सांगितला होता. त्यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा वीस मुले होती. काही मोठ्या घरची, काही कामगारांची, सगळी एकत्र तंबूत राहिली. त्या वीस मुलांतही कोणी रात्री असाच धास्तावून जागा राहिला असेल का, असे आम्हाला तेव्हा उगीच वाटून गेले.

आमची गच्ची झाली पाल. त्याचे अंथरूण प्रथमच वर गेले, आमच्या अंथरुणांपासून दहा पावले दूर. नियम त्यानेच ठरवले. उशाला टॉर्च, पायाशी चपला. झोपण्यापूर्वी एकदा जायचे, मग अर्धा तास गाठी बांधायच्या आणि परत एकदा जायचे. रात्री जाग आली तर पडून राहायचे नाही. अंधारात जिना उतरून जाऊन यायचे, आम्हाला हाक न मारता. आम्ही जागे असायचो, पण झोपल्याचे सोंग घ्यायचो. पहिल्या आठवड्यात चार रात्री ओल्या गेल्या. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात परत तीन. आम्ही धास्तावलो, तो नाही. म्हणाला, "मला आता आवरता येतं."

आवरणे म्हणजे काय, तर तेही आम्ही सरावाने बसवले. गोधडी बाद केली, कारण ती दिवसभरात वाळत नाही. त्याऐवजी खाली मेणकापड, त्यावर पातळ सतरंजी आणि चादर. चादरी दोन घेतल्या, एकाच ठाणाच्या, निळ्या रेघांच्या, अगदी सारख्या. एक बदलली तरी कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. रात्रीचे पायजमे तीन, तिन्ही गडद रंगाचे. ओले कपडे ठेवायला नाडीची जाड पिशवी शिवली, आतून प्लास्टिक लावून. डोळे मिटून, अंधारात, आवाज न करता हे सगळे तो अडीच मिनिटांत बदलू लागला. अब्बू घड्याळ लावून बसायचे. एका रात्री तिघेही हसायला लागलो, आणि या विषयावर आमच्या घरात हसू येण्याची ती पहिलीच वेळ होती.

एक प्रश्न त्याच्या मनात बरेच दिवस होता. फजरच्या नमाजेचे काय? त्याला वाटत होते की असे झाले की पूर्ण गुस्ल करावेच लागते, आणि शिबिरात पहाटे अंघोळीला निघालो की सगळ्यांना कळेल. लघवीने गुस्ल लागत नाही. अंगाचा तेवढा भाग धुवायचा, पाक कपडे घालायचे, वुजू करायचा, झाले. नमाजेचा एक जोड आम्ही वेगळ्या पिशवीत ठेवला. एवढ्याशा गोष्टीचे ओझे हे मूल किती वर्षे वाहत होते, आणि आम्ही त्याला कधी विचारले नव्हते.

शेवटचे काम आमचे होते. सरांना सांगायचे. धाकटा नको म्हणत होता. आम्ही त्याला म्हणालो, एकाच माणसाला सांगू, तेही तुझ्यासमोर. सरांनी ऐकून घेतले आणि वहीत काहीच लिहिले नाही, हे आम्हाला फार बरे वाटले. म्हणाले, "दर शिबिरात एखादा असतोच. याला तंबूच्या दाराशी झोपवतो. रात्री अकराला आणि पहाटे चारला माझी फेरी असते, खांद्याला हात लावीन. आणि सकाळी पाणी भरायचं काम याच्याकडे. सगळ्यांच्या आधी उठायला कारण हवं ना." मग त्याच्याशी डावा हात मिळवला, स्काउट मिळवतात तसा.

निघायच्या दिवशी पिशवी त्यानेच भरली. आम्ही फक्त यादी वाचली. गाडी सुटताना त्याने मागे वळून पाहिले नाही. आम्ही दुआ केली आणि घरी येऊन रिकाम्या गच्चीवर झोपलो. झोप आली नाही ती गोष्ट वेगळी.

आठव्या दिवशी काळवंडून, आवाज बसवून परत आला. सात रात्रींपैकी दोन ओल्या गेल्या होत्या. सरांखेरीज कोणाला कळले नाही. लॉगबुकात सुकी नदीचे चित्र होते आणि आपल्या पथकाने जाळलेल्या खिचडीचे वर्णन. आम्ही पिशवी उपसली, तर निळ्या रेघांची चादर एकच निघाली. नवीकोरी चादर हरवली म्हणून आम्ही त्याला चांगलेच बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. विसरलो, एवढेच म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याचा त्रास हळूहळू थांबला. बहुतेक मुलांचा असाच थांबतो. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. मागच्या ईदला नानीकडे सगळे जमलो असताना, आता आम्ही तिथे मुक्काम करतो, कोणाच्या तरी लहान मुलाने रात्री अंथरूण ओले केले आणि त्याची आई त्याला सगळ्यांदेखत ओरडू लागली. धाकट्याने उठून मुलाला उचलले, मोरीवर नेले, कपडे बदलून आणले. नंतर आमच्याजवळ येऊन बसला आणि चादरीची गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा सांगितली. पाचव्या पहाटे तो पाणी भरायला निघाला, तेव्हा दुसऱ्या तंबूतला एक मुलगा बाहेर पाय पोटाशी घेऊन बसला होता. ओली चादर हातात. त्याच्याकडे दुसरी नव्हती. आमच्याने आपली कोरडी चादर त्याला दिली, त्याची ओली आपल्या पिशवीत घातली, नदीवर दोन्ही धुतल्या. स्काउटच्या नियमांत प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटचा भाऊ आहे असे म्हटले आहे. आणि आपल्या दीनमध्ये तर जो दुसऱ्याचा ऐब झाकतो, त्याचा ऐब अल्लाह झाकतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो.

"कोण होता रे तो?" आम्ही विचारले.

"अम्मी, ते सांगायचं नसतं."

हे लिहावे की नाही, असा प्रश्न आम्हाला बरेच दिवस होता. झाकलेली गोष्ट उघड करणे कितपत योग्य? म्हणून आधी अब्बूंना विचारले, मग त्याला. अब्बू म्हणाले, लिहा, एखाद्या तरी बापाचं तोंड उघडेल. धाकट्याने एकच अट घातली, त्या मुलाचे गाव-नाव येऊ द्यायचे नाही. ते आम्हालाही माहीत नाही.

या सुट्टीत तुमच्या घरीही शिबिराचा असा एखादा कागद येईल. मूल तो पुस्तकाखाली दडवेल, पोट दुखते म्हणेल, मला नाही जायचे म्हणेल. लगेच सही करू नका. त्याला अंधाराची भीती असेल, घरची ओढ असेल, नाहीतर आमच्यासारखेच काही असेल. ते काय आहे हे आधी हळूच, एकट्याला विचारा. आणि तसेच काही तुम्हालाही लहानपणी झाले असेल, तर ते त्याला सांगा. पिशवी मग तो स्वतः भरेल, इन्शाअल्लाह.