धानाच्या जिल्ह्यातलं पथ्य

गोंदियात पोट बिघडलं की आधी भाताची पेज आठवते. धानाचाच जिल्हा हा! पण आईला मधुमेह, पेजेनं साखर चढते. म्हणून आज लौकी मऊ शिजवून, गाळून, जिरं-मीठ घालून दिली. शिजवण्याआधी तुकडा चाखला. कडू लौकी विषारी असते, ती फेकायचीच. संध्याकाळी लोणी काढलेलं ताजं, पातळ ताक. उद्या भूक लागली तर उकडलेलं अंडं, तेल-तिखट नाही.

ओआरएसमधल्या साखरेला मात्र मी भीत नाही. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, आणि त्याच्याच आधारानं आतडी मीठ-पाणी शोषतात. घरातल्या मधुमेही माणसाला जुलाब लागले, तर ते पाणी रोखू नका. साखर तपासत राहा, डॉक्टरांना लवकर गाठा.