अलास्काची क्रूझ : स्वस्त तिकीट की हक्काचा माणूस?

ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, अशा आई-वडिलांचे एक वेळापत्रक आता रूढ झाले आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर दवाखान्यात यायचे, पाच-सहा महिन्यांची औषधे लिहून घ्यायची आणि विमान गाठायचे. गेल्या काही वर्षांत या वेळापत्रकात एका नव्या प्रवासाची भर पडली आहे. सिअ‍ॅटल बंदरातून निघून सात रात्रींनी तेथेच परतणारी अलास्काची क्रूझ. "डॉक्टर, आम्हांला झेपेल का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बहुतेकांना मी "झेपेल" असेच सांगतो. मात्र लगेच विचारतो, "आरक्षण कोणामार्फत केले आहे?" डॉक्टराला या चौकशीचे काय कारण, असे आपल्याला वाटेल. कारण मोठे आहे आणि तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम हा प्रवास कसा असतो ते पाहू. ज्येष्ठांसाठी तो खरोखर सोयीचा आहे. सामान एकदाच उघडायचे, रोज हॉटेल बदलायचे नाही, आणि गावे आपणहून खिडकीशी येतात. केचिकन हे पावसाचे आणि सामन माशांचे गाव. तेथील आदिवासींनी कोरलेले उंच लाकडी स्तंभ पाहण्यासारखे आहेत. जूनो ही अलास्काची राजधानी असूनही बाहेरच्या जगाशी तिला जोडणारा रस्ता नाही. तेथे जायचे ते जहाजाने किंवा विमानाने. स्कॅगवे येथे सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी 1898 ते 1900 या काळात बांधलेली अरुंद रुळांची रेल्वे आजही प्रवाशांना घाटमाथ्यावर नेते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही डोंगराचे हे दर्शन बसल्या जागी घडते. काही जहाजे ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात शिरतात. तेथे दिवसाला मोठ्या प्रवासी जहाजांपैकी केवळ दोघांनाच प्रवेश मिळतो.

आता आरक्षणाकडे वळू. सवलतीत तिकीट विकणाऱ्या संस्था आणि परंपरागत ट्रॅव्हल एजंट यांच्या मूळ दरात फारसे अंतर नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. भाडे जहाज कंपनी ठरवते आणि विकणाऱ्याला त्यातून दलाली देते. एजंटाचे पोट बहुधा त्या दलालीवर चालते, म्हणून अनेक एजंट ग्राहकाकडून वेगळे पैसे घेत नाहीत. सवलतीची संस्था याच दलालीतील काही वाटा आपल्याला परत करते, कधी रोख सूट म्हणून, तर कधी जहाजावर खर्च करण्यासाठी जमा रक्कम म्हणून. यात गैर काहीच नाही. पण दलाली कमी उरली की प्रत्येक ग्राहकासाठी देता येणारा वेळही कमी उरतो. सूट मिळते ती या वेळाच्या बदल्यात. सशक्त तरुणाला त्या वेळाची गरज नसते. ज्येष्ठ प्रवाशाला असते.

पहिले उदाहरण कागदपत्रांचे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाने अमेरिकेच्याच बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत परदेशी बंदराला न लागता, त्यांना अमेरिकेतच उतरवू नये, असा 1886 सालचा अमेरिकन कायदा आहे. मोठी प्रवासी जहाजे बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजे परतीच्या वाटेवर बहुधा कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरात काही तास थांबतात. अमेरिकन नागरिक झालेल्या मुलांना त्याचे काहीच वाटत नाही, कारण त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-वडिलांना मात्र तो लागतो. शिवाय अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा असावा लागतो.

माझ्या परिचयातील सत्तरीच्या एका दांपत्याचे असेच झाले. मुलीने मोठ्या हौसेने सवलतीच्या संस्थेकडून चौघांचे आरक्षण केले. कॅनडाच्या व्हिसाची गोष्ट लक्षात आली ती जहाज सुटायला अकरा दिवस उरले असताना. कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पुढे काही आठवडे सहज जातात. तेवढा अवधी उरला नव्हता. रद्द करण्याची मुदतही केव्हाच टळली होती. पावतीवर बारीक अक्षरात लिहिले होते की, कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची. संस्थेचे काही चुकले असे कायद्याने म्हणता येणार नाही. पण पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा एक प्रश्न समोर बसून कोणी विचारला असता, तर त्या दोघांना मुलीच्या घरी बसून नातवंडांचे फोटो पाहावे लागले नसते.

दुसरे उदाहरण केबिनचे. सर्वांत स्वस्त तिकिटात बहुधा आपल्याला केबिन निवडता येत नाही. कंपनी मागाहून जी देईल ती घ्यावी लागते. ती जहाजाच्या अगदी टोकाला किंवा उद्वाहनापासून लांब असू शकते. ज्यांना चक्कर येते, तोल जातो किंवा रात्री वारंवार उठावे लागते, त्यांच्यासाठी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि उद्वाहनाजवळची केबिन हवी. सिअ‍ॅटलहून निघणारी बरीच जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या प्रशांत महासागरातून जातात. तेथे हेलकावे अधिक जाणवतात. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजे बेटाच्या आडोशाने जातात, म्हणून त्यांची सुरुवात शांत असते. चाकाची खुर्ची आत जाईल अशा रुंद दाराच्या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या लवकर संपतात. जो एजंट ही जहाजे जाणतो तो हे सारे नकाशा पुढे ठेवून सांगतो. येथे डॉक्टर म्हणून एक पुस्ती जोडतो. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते, आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या घातक ठरतात. योग्य केबिन ही अनेकदा गोळीपेक्षा बरी.

तिसरी बाब प्रकृतीविषयीच्या सूचनांची. झोपेत श्वासासाठी यंत्र वापरत असाल तर त्यासाठी लागणारे शुद्ध पाणी, इन्शुलिनसाठी शीतपेटी, ऑक्सिजनची सोय, सात दिवसांसाठी भाड्याची खुर्ची, कांदा-लसूण विरहित जेवण, यांतील बहुतेक गोष्टी जहाजावर मिळू शकतात. पण आधी कळवाव्या लागतात. लक्षात ठेवा, मध्यस्थामार्फत आरक्षण केले की जहाज कंपनी बहुधा त्यातील बदल थेट आपल्याकडून स्वीकारत नाही, मध्यस्थाकडेच परत पाठवते. तेव्हा तो मध्यस्थ फोन उचलतो का, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते का, याला फार महत्त्व आहे.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात. हृदयाचा आलेख काढता येतो, तातडीचे उपचार सुरू होतात. परंतु तो दवाखाना म्हणजे रुग्णालय नव्हे. शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी लागली तर रुग्णाला किनाऱ्यावर आणि गंभीर स्थितीत विमानाने सिअ‍ॅटलसारख्या मोठ्या शहरात हलवावे लागते. हा खर्च प्रचंड असतो आणि जहाजावरील उपचारांचे बिलही आधी आपल्याच खात्यावर चढते. म्हणून विम्याबाबत तीन गोष्टी लेखी विचारा. जुन्या आजारातून अचानक उद्भवलेल्या त्रासाला संरक्षण आहे का? आपल्या वयाला किती रकमेपर्यंत? समुद्रावरून हलवण्याचा खर्च त्यात येतो का? आरक्षण करताना एका खुणेसरशी घेतलेला विमा आणि प्रकृती सांगून घेतलेला विमा यांत मोठे अंतर असते.

मग सवलतीची संस्था कधीच निवडू नये काय? तसे नाही. आपण पूर्वी क्रूझ केली असेल, प्रकृती ठणठणीत असेल, व्हिसाची बाजू पक्की असेल आणि सोबत जाणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक अट वाचणारी असेल, तर मिळणारी सूट अवश्य घ्यावी. आणि परंपरागत एजंट म्हणजे आपोआप जाणकार, असेही नाही. आपल्या गल्लीतील भला माणूस काशी-रामेश्वर उत्तम घडवून आणेल, पण अलास्काचे जहाज त्याने कधी आरक्षित केलेच नसेल. दोघांनाही हेच प्रश्न विचारा : कोणत्या बंदरांत जहाज थांबते आणि आमच्या पासपोर्टला कोणते व्हिसा लागतात? केबिनचा क्रमांक आज मिळेल का? सांगितलेल्या भाड्यात बंदराचे कर आणि रोजची सेवाबक्षिसी धरली आहे का? एकट्याने प्रवास केल्यास दुसऱ्या व्यक्तीचे भाडे किती भरावे लागेल? पूर्ण पैसे भरण्याची शेवटची तारीख कोणती, आणि त्यानंतर आजारपणामुळे रद्द केल्यास किती परत मिळेल? आपण स्वतः वेगळे रद्द-शुल्क लावता का? या प्रश्नांची उत्तरे लेखी देणारा माणूस निवडा, मग त्याची पाटी कोणतीही असो.

निघताना आणखी थोडे. जहाजात चढताना मोठ्या बॅगा बंदरावर ठेवून घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी पोहोचतात. म्हणून सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवा. सोबत आजारांची व औषधांच्या मूळ नावांची इंग्रजीतील एक पानी नोंद असू द्या. जेवणापूर्वी हात साबण-पाण्यानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरत नाही. डेकवर लोकरीचे कपडे आणि न घसरणारे बूट वापरा.

ग्लेशियर बेमध्ये जहाज बराच वेळ जवळजवळ निश्चल उभे राहते. निळसर बर्फाची भिंत समोर असते. एखादा कडा तुटून पाण्यात कोसळतो आणि त्याचा मेघगर्जनेसारखा आवाज क्षणभराने कानांवर येतो. गुडघ्यांवर शाल घेऊन, हातात चहाचा पेला धरून हे पाहणारे अनेक पांढऱ्या केसांचे प्रवासी तेथे असतात. त्यांच्यात आपणही असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, वरील प्रश्नांची लेखी उत्तरे घेऊन एकदा आपल्या डॉक्टरांकडे जा. पैसे भरल्यानंतर डॉक्टर प्रकृतीविषयी सल्ला देऊ शकतो. केबिन बदलून देऊ शकत नाही.