कुंपणाचा टाकळा

परवा सोसायटीच्या कुंपणालगत गवत कापायचं यंत्र फिरलं आणि चिरडलेल्या टाकळ्याचा उग्र दर्प घरभर पसरला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मला बाबा दिसले. नायगावच्या मिठागरावरून परतलेले, ओट्यावर उघडेच बसलेले. कमरेवरचा लेप वाळेपर्यंत भिंतीला पाठ टेकायची नाही, हा आजीचा हुकूम.

दिवसभर खारं पाणी आणि घाम. करगोट्याखाली गजकर्ण उठायचंच. आजी टाकळ्याच्या बिया आंबट ताकात भिजवून पाट्यावर वाटायची. पाऊस लागला की त्याचाच कोवळा पाला भाजीला, चणाडाळ-लसूण घालून, वरून ओलं खोबरं. तुंगारेश्वरच्या पायथ्याकडच्या वारली बाया वाटे लावून बसायच्या. जून पाला मात्र आजी घरात घेत नसे, पोट बिघडतं म्हणून. टाकळा सोनामुखीच्या गणातला. दोघांतही अँथ्राक्विनोन ही रेचक द्रव्यं असतात.

आमच्या वसईवर १७३९पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्याच व्यापारातून ब्राझीलच्या अरारोबा झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी इकडे आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून नायट्यावर लावली जाऊ लागली. १८७६मध्ये लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली. तिच्यातलं औषध क्रायसारोबिन. त्याच्याच धर्तीवर १९१६मध्ये डिथ्रॅनॉल तयार झालं. पुढे १९७५मध्ये आचार्य आणि चटर्जी यांनी टाकळ्यातलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य वेगळं केलं: क्रायसोफॅनिक ॲसिड-९-अँथ्रोन. क्रायसारोबिनमधलं मुख्य द्रव्यही तेच! समुद्रापलीकडून आणलेलं औषध आमच्या बांधावर उगवत होतं.

हे वाचलं तेव्हा पुन्हा बाबांची ती ताठ पाठच डोळ्यांपुढे आली. लेपाने त्यांची खाज थांबायची, पण गजकर्ण परत यायचं. मिठागर सुटत नव्हतं, मग ते तरी कसं सुटणार?

आता मिठागरं आटली, गजकर्ण वाढलं. माझा राग आहे तो चिठ्ठीशिवाय हातावर ठेवल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित ट्यूबवर. दोन दिवसांत खाज जाते, आपण निर्धास्त होतो आणि बुरशी पसरत राहते. घरातल्या एकाची दुसऱ्याला लागते.

म्हणून सांगते, अंगावर चट्टा उठला तर असली ट्यूब आणू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. टाकळाही मनाने चोळू नका. क्रायसारोबिनने कातडी भाजते. भाजी मात्र खा, फुलं यायच्या आधी.