रुजू

माझ्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली एक उतरते डेस्क आहे. जमिनीवर मांडी घालून बसले म्हणजे त्याची कड बरोबर छातीशी येते. वरची फळी उचलली की आत दोन कप्पे दिसतात, एक टाक-दौतीचा आणि एक कागदपत्रांचा. फळीच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा जुनाट डाग आहे, आणि बुडाच्या चौकटीवर, भुईपासून वीतभर उंचीवर, गाळाची एक फिकट रेघ चारही बाजूंनी फिरलेली आहे. माझ्या आयुष्यात अभ्यासाची इच्छा एकदा समूळ नाहीशी झाली होती आणि पुढे ती परत आली. त्या दोन्ही गोष्टींना हे डेस्क साक्षी आहे.

डेस्क मूळचे माझ्या वडिलांचे. ते दापोली तालुक्यात मामलेदार कचेरीत कारकून होते. दिवसभर तेथील दप्तरात आवक-जावक नोंदवून आणि जमाबंदीची तेरीज जुळवून ते घरी येत, आणि दिवेलागणीनंतर या डेस्काशी बसून घरची रोजकीर्द लिहीत. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, एवढाच तिचा क्रम. पण ज्या दिवशी घरात एका पैचीही उलाढाल झालेली नसे, त्या दिवशीसुद्धा तारीख घालून तिच्यापुढे ते ‘निरंक’ असा शब्द लिहीत आणि मगच पानावर येऊन बसत. लिहिण्यासारखे काहीच नाही तो दिवस लिहून ठेवण्यात काय हशील, असे लहानपणी मी एकदा विचारले होते. अण्णा म्हणाले, “कोरी जागा सोडली की मागाहून तीत काहीही भरता येतं. हिशेबाला ते चालत नाही.”

१९५६ च्या जूनमध्ये मी पुण्याला महाविद्यालयात दाखल झालो, तेव्हा अण्णांनी हे डेस्क गोणपाटात गुंडाळून एस. टी.च्या टपावर चढवून दिले. नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्याच्या माडीवर मला खोली मिळाली. पहिली दोन वर्षे नावीन्याच्या आणि थोडीबहुत भीतीच्या बळावर निघून गेली. मी इंटर उत्तीर्ण झालो, इतिहास हा विषय घेऊन ज्युनिअर बी. ए.च्या वर्गात बसू लागलो, आणि त्याच सुमारास, १९५८ च्या पावसाळ्यात, अभ्यासावरचे माझे मन उडाले.

कारण म्हणून बोट ठेवावे असे काही घडलेच नव्हते. खाणावळीचे पैसे वेळेवर येत होते, प्रकृती चांगली होती, विषय माझा मीच निवडलेला होता. पण सकाळी जाग आली की समोरचा दिवस अंगावर येई. पुस्तक उघडले तर एकाच परिच्छेदावरून डोळे चार-चार वेळा फिरत आणि अर्थ हाती लागत नसे. मग पुस्तक मिटून मी पर्वतीकडे चालू लागे आणि दिवे लागल्यावर जड पावलांनी परत येई. डेस्कावर आधी जेवणाचा डबा, मग ओला पंचा, मग आठवड्याचे कपडे अशी एकेक वस्तू येऊन बसली, आणि शेवटी फळी उचलण्यापुरतीही जागा राहिली नाही. वेळापत्रके मात्र मी या काळात पुष्कळ केली. तांबड्या-निळ्या पेन्सिलीने रकाने आखून, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचा वेळ विषयवार वाटून मी ती भिंतीला लावी. आणि वेळापत्रक पुरे झाल्याचे जे समाधान लाभे, त्यातच अभ्यासाची उरलीसुरली ऊर्मी खर्ची पडे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये महर्षी कर्व्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती आणि त्यांना भारतरत्न हा सन्मानही मिळाला होता. आमच्याच तालुक्यातील मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी डोंगर-घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेला, वयाने लहान दिसतो म्हणून तेथून त्याला परत पाठवण्यात आले, आणि तरीही त्याने शिक्षणाची वाट सोडली नाही, ही कथा आम्ही मुलांनी आईच्या दुधाबरोबर घेतलेली. त्या दिवसांत मी ती पुन्हा पुन्हा आठवून पाहिली, आणि प्रत्येक वेळी मला केवळ लाज वाटली. लाजेने माणूस दचकून उभा राहतो. त्याला मांडी घालून बसवण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते, हे मला तेव्हा कळले.

आश्विनात सहामाही परीक्षेचा निकाल लागला आणि इतिहासातच मी नापास झालो. त्यानंतर आठवड्याभरात डोळे दाखवण्यासाठी अण्णा पुण्याला आले. खोलीत पाऊल टाकताच त्यांची दृष्टी डेस्काकडे गेली. ते काही बोलले नाहीत. डबा उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवला, कपड्यांच्या घड्या घातल्या, पंचा दांडीवर टाकला, फडके ओले करून फळी पुसली, कड्यांच्या खाचेतली धूळ काडीने काढली, आणि खाली जाऊन ते एक वही घेऊन आले. मग नेहमीप्रमाणे डेस्काशी बसून त्यांनी आपल्या खिशातल्या छोट्या रोजकीर्दीत त्या दिवसाचा खर्च मांडला. ते लिहीत असताना माझ्याने राहवले नाही. “अण्णा, अभ्यासाची इच्छाच होत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी टाक खाली ठेवला. “बत्तीस वर्षं कचेरीत जातो आहे,” ते म्हणाले, “वेळ झाली की रुजू होतो. मन माझ्याबरोबर रुजू झालं की नाही, हे पाहत थांबलो नाही कधी. पुष्कळदा ते तासाभराने येतं. काही दिवस येतही नाही. पण ते आलं आणि आपणच जागेवर नसलो, तर ते बसणार कुठे?” आणि नवी वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी सांगितले, “यात उद्यापासून लिही. काय करणार ते लिहू नकोस. काय झालं तेवढंच लिही.”

भिंतीवरचे वेळापत्रक मी त्या रात्री काढले. वहीतली पहिली नोंद ‘निरंक’ अशी होती, दुसरीही तशीच. तिसऱ्या दिवशी ‘सायंकाळी ७ ते ७.२०, पाने २’ असे लिहिलेले होते, आणि त्यानंतर पुन्हा निरंक. परंतु त्या शब्दात एक विलक्षण मोकळीक होती. वेळापत्रक मोडले की त्या दिवसाचे तास मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवसावर चढवीत असे, आणि ती थकबाकी साचत साचत एवढी झाली होती की तिच्याकडे पाहण्याचेच भय वाटावे. आता गेलेला दिवस निरंक म्हणून खरेपणाने लिहिला जाई आणि तेथेच मिटे. दोनाची पाच पाने झाली, वीस मिनिटांचा तास झाला. मन येई तेव्हा येई. मी जागेवर असे.

महिना-दीड महिन्याने एका दुपारी ग्रंथालयात मी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा एक खंड सहज उघडला. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याचे पंचेचाळीस खंड संपादून प्रसिद्ध केले आहेत. चाळता चाळता मोहिमेच्या आणि खर्चाच्या त्या कागदांत मला रुजू, तेरीज, अनामत, बाकी असे शब्द भेटू लागले, आणि एकाएकी अण्णांची कचेरी, घरची रोजकीर्द, शाईचा वास, दिवेलागणीची वेळ हे सारे त्या पानांतून वर आले. परीक्षेसाठी नेमलेला जो विषय आजवर परका होता, त्याच्या आत माझेच घर होते. त्या दिवशी वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मला तहान लागली होती आणि ती मला इतका वेळ कळलीच नव्हती. इच्छा परत आली ती अशी, बोलावल्यावाचून; पण त्या दिवशी मी ग्रंथालयात होतो म्हणून तिची माझी गाठ पडली.

पुढे या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस मानीत आले. पाठ केव्हा थांबवावा हे तेथे तिथी ठरवी. विद्यार्थ्याच्या चित्तवृत्तीकडे तो निर्णय सोपवलेला नसे. यात निष्ठुरता आहे असे एके काळी मला वाटे. आज त्यात मला करुणा दिसते, कारण आज अभ्यास करावा की न करावा हा प्रश्न रोज नव्याने सोडवण्याच्या शिणातून त्या व्यवस्थेने मुलांना मुक्त केले होते. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आपल्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्याचे पाच खंड होऊन साडेसहा हजारांहून अधिक पाने भरली. एवढ्या कार्याची इच्छा आधी पूर्णत्वाने उदयास यावी म्हणून ते थांबले असते तर? त्यांनी एक प्रस्तावना लिहावयास घेतली; इच्छा ग्रंथाबरोबर वाढत गेली.

१९६० मध्ये मी बी. ए. झालो. पुढच्याच वर्षी, १२ जुलैला, पानशेतचे धरण फुटले आणि माझ्या माडीवरच्या खोलीतही वीतभर पाणी चढले. डेस्कावरची रेघ त्या पाण्याची. पलंगाखालच्या पेटीत ठेवलेल्या माझ्या रोजकीर्दीच्या वह्यांचा लगदा झाला. गाळ उपसून झाल्यावर मी डेस्क पुसले, उन्हात वाळवले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बसलो. वह्या गेल्याचे दुःख झाले, पण त्यांचे काम होऊन चुकले होते. एम. ए. झाल्यावर अध्यापनाची जी वर्षे गेली, त्यांत “सर, मनच लागत नाही” असे खालमानेने सांगणारे विद्यार्थी दरसाल भेटत. त्यांच्यात आळशी म्हणावा असा क्वचितच कोणी असे. बहुतेक जण थकबाकीने भ्यालेले असत. त्यांना मी कोणाचे चरित्र वाचावयास दिले नाही. एक वही देई आणि दर शनिवारी ती मला दाखवावी, निरंक असली तरी दाखवावी, एवढेच सांगे.

१९६८ मध्ये अण्णा गेले. त्यांच्या कागदपत्रांत १९५८ सालची ती खिशातली रोजकीर्द मला सापडली. पुणे मुक्कामाचे पान काढले: प्रवासाचे भाडे, डोळ्यांच्या डॉक्टरांचे पैसे, चहा, सारे रीतीप्रमाणे खर्ची टाकलेले होते. शेवटची ओळ तेवढी वेगळी होती: ‘चिरंजीवास वही १, सहा आणे’, आणि तिच्यापुढे, खर्चाच्या रकान्याबाहेर, ‘अनामत’. जी रक्कम अद्याप खर्ची पडलेली नाही, जिचा हिशेब पुढे कोणीतरी द्यावयाचा आहे, ती कचेरीत अनामत खाती ठेवतात.

ते सहा आणे अजून माझ्याकडे येणे आहेत. रोज सकाळी ऊन खिडकीतून फळीवर आले की मी डेस्काशी जाऊन बसतो, तारीख घालतो आणि मनाची वाट न पाहता कामाला लागतो.