तुदुरांचे नऊजण

सहाशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांवरून कुणी एवढं चिडतं का, असं सूनबाई म्हणाली. मी चिडले. अजून चिडलेलीच आहे.

मुलगा मँचेस्टरला असतो. एका शनिवारी त्यानं आम्हाला उत्तर वेल्समधल्या कॉन्वीला नेलं. खाडीकाठचं बाजाराचं गाव, गावाभोवती तट, कोपऱ्यात किल्ला. धक्क्यावर ब्रिटनमधलं सर्वांत लहान म्हणून प्रसिद्ध असलेलं घर आहे, लालभडक, सहा फूट रुंद. १९०० पर्यंत त्यात सव्वासहा फुटी कोळी राहायचा. झुंबड तिथेच. बाहेरून बघा, पुरे. त्यापेक्षा तटावरून फिरा. एकवीस बुरूज आहेत आणि तिकीट नाही. एका बाजूला राजाच्या कारकुनांसाठी ओळीनं बारा शौचकूप तटाबाहेर काढलेत. आमच्या ह्यांनी फोटो काढले ते फक्त त्यांचे.

किल्ला इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचा, १२८३ ते १२८७ मधला. तिथे आधी मठ होता, वेल्सचा थोर राजा लिवेलिन त्यात पुरलेला. एडवर्डनं मठच दुसरीकडे हलवला आणि नव्या गावात इंग्रज वसवले. साताऱ्याच्या माणसाला एवढं सांगितलं की कोणाची बाजू घ्यायची ते सांगावं लागत नाही.

म्हणून गाईडनं १४०१ ची गोष्ट काढली तेव्हा मी बुरुजावर चक्क टाळी वाजवली. रीस आणि ग्विलिम हे तुदुर बंधू, बंडखोर ओवेन ग्लिंडूरचे मावसभाऊ. गुड फ्रायडेला शिबंदी गावातल्या चर्चमध्ये गेलेली. एकजण सुतार बनून आला, आत शिरला, दोन्ही पहारेकरी मारले आणि जेमतेम चाळीसजणांनी किल्ला घेतला. कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्याच तोडीचं काम!

पुढचं गाईडनं घाईत उरकलं. वेढा पडला, उन्हाळ्यात बोलणी झाली, भावांना माफी मिळाली. बदल्यात त्यांनी आपलेच नऊजण इंग्रजांच्या हवाली केले. ॲडम ऑफ उस्क या त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवलंय की, रात्रीचा पहारा करून झोपलेले असताना त्यांना बांधलं. मग फास, मग तुकडे.

पहारा करून! म्हणजे रात्रभर ज्यांनी यांच्यासाठी डोळ्यांत तेल घातलं, तेच. त्या रात्रीचे पहारे कुणी लावले? नावं आधी ठरली की पहारा आधी? भावांनी स्वतः दोर धरला, की तेही दुसऱ्यांकडून करवून घेतलं? जिन्याच्या गोल पायऱ्या उतरताना मी हेच बडबडत होते. शत्रूनं मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. आणि घराण्याचं काही बिघडलं का? याच तुदुरांच्या एका भावाचा पणतू १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला.

मुलगा म्हणाला, "आई, बाकीचे तीस वाचले ना." हिशेब बरोबर आहे. असले हिशेब करणाऱ्यांना मी आयुष्यभर मतं देत आलेय, तेही खरं. तरी गाडीत मी त्याच्याशी बोलले नाही.

किल्ला मात्र फार देखणा. एडवर्डचा असूनही, हे कबूल करायला जड जातं. वरून टेलफर्ड या इंजिनिअरचा १८२६ चा झुलता पूल दिसतो, त्याचे खांबसुद्धा किल्ल्याला शोभतील असे बुरूजवजा बांधलेत. जाणार असाल तर गुडघे धड आहेत तोवर जा. वारा फार असतो, साडी नको.