मोठा वॉशर

माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरीची पहिली वर्षं गेली कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे बेअरिंग म्हटलं की भार किती, फेरे किती, आयुष्य किती, हे गणित आधी मांडायचं. पुढे अमेरिकेत, ऑरेगनमधल्या एका छोट्या विमानतळावर, भागीदाराबरोबर आरव्ही-७ हे दोन आसनी विमान बांधायला घेतलं, तेव्हा हे गणित फारसं कामाला आलं नाही. (हो, विमान. "अमोल यादवांसारखं?" असं घरचे हमखास विचारतात. नाही. त्यांनी कांदिवलीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचं विमान उभं केलं. आमच्याकडे आरव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीचे नकाशे आणि तयार कापून आलेले पत्रे होते.)

आरव्हीत रडरला (शेपटीच्या उभ्या सुकाणूला) केबल असते, पण एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पृष्ठभाग) आणि एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता पृष्ठभाग) हलतात पुशरॉडने. रॉडच्या टोकाला रॉड एंड: आटे पाडलेला दांडा, त्याला गोल डोकं आणि डोक्यात खुब्याच्या सांध्यासारखा फिरणारा गोळा. भार बेताचाच असतो, गोळा काही अंशच मागेपुढे होतो. नुसत्या झिजेने तो लवकर मरत नाही. त्याला मारतात आडवा दाब, धूळ आणि ढिला नट.

हे आम्हाला नीट उमगलं ते ईएएच्या तांत्रिक सल्लागारांमुळे. हौशी विमान बांधणाऱ्यांची ही संघटना १९५३ पासूनची. तिचे सल्लागार हँगरवर येऊन काम पाहून जातात आणि पैसे घेत नाहीत. आमच्याकडे आलेल्या आजोबांनी रॉड एंड हातात घेऊन विचारलं, "गोळा डोक्यातून निसटला तर हा रॉड कुठे जाईल?"

"चांगल्या कंपनीचा आहे, निसटणार नाही," भागीदार म्हणाला.

"ते मी विचारलंच नाही."

मला तो प्रश्न फार आवडला. डोकं काट्याच्या दोन कानांमध्ये बसवलेलं असेल, तर गोळा निसटला तरी कान रॉडला अडवतात. पण बोल्ट एकाच बाजूला धरलेला असेल, तर डोकं मोकळ्या बाजूने सरळ बाहेर येतं आणि वैमानिकाच्या हातातल्या स्टिकचा एलेरॉनशी संबंध संपतो. उपाय एकच: नटाखाली एक मोठा वॉशर, गोळा ज्या भोकात बसतो त्याहून रुंद. मग बेअरिंग खिळखिळं होईल, खडखडेल, पण रॉड जागा सोडणार नाही. अमेरिकेच्या हवाई नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, मार्गदर्शनातही हेच सांगितलेलं आहे. बेअरिंग कधीतरी दगा देणारच असं धरून जोडणी करायची, ही शिकवण मला आयुष्याच्या गणितापेक्षा प्रामाणिक वाटते.

काट्यातले वॉशर बसवणं मात्र छळ असतो. काट्यात बोट जात नाही, पातळ वॉशर निसटून पत्र्यांच्या सांदीत पडतो आणि तो सापडेपर्यंत पुढे जाता येत नाही. उडताना तोच कुठेतरी अडकायचा. भागीदाराने पत्र्याच्या पट्टीला खाच पाडून वॉशर धरायचा चिमटा केला. मी ग्रीसच्या ठिपक्याने वॉशर चिकटवायचे. बोल्ट आवळल्यावर गोळा पक्का धरला गेला पाहिजे, नाहीतर गोळ्याऐवजी बोल्टच फिरतो आणि झिजतो.

मग कोन. स्टिक एका टोकाला नेऊन भागत नाही. डावीकडे-मागे, उजवीकडे-पुढे असे चारही कोपरे तपासायचे. कुठेही डोकं काट्याला टेकत असेल, तर प्रत्येक वळणाला दांडा वाकवला जातो आणि आट्यांच्या मुळाशी तडा जन्म घेतो. दोन्ही टोकांची डोकी एकमेकांशी जुळवून मगच चेकनट आवळायचे आणि त्यावर रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

तेलावरून आमचं भांडण झालं. भागीदाराला प्रत्येक सांध्यात थेंबभर तेल हवं होतं. धातूवर धातू घासणाऱ्या बेअरिंगला ते लागतंच, पण आमच्या काही रॉड एंडना आतून टेफ्लॉनचं अस्तर होतं. त्यांना तेल द्यायचं नसतं, उलट तेलावर धूळ बसते. शेवटी आम्ही कोणता सुका आणि कोणता तेलाचा याची यादी हँगरच्या दारावर लावली. आता तेलाची कुपी घेतली की तो आधी दाराकडे बघतो, कुरकुरत का होईना.

विमान उडू लागल्यानंतरच्या एका वार्षिक तपासणीत उजवा एलेरॉन हातात धरून हलवला, तर किंचित खेळ लागला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. असा खेळ वाढू द्यायचा नसतो. वेग वाढला की सैल पृष्ठभाग फडफडायला लागतो आणि ती फडफड पंख मोडू शकते. रॉड एंड बदलला. कारण बहुधा उड्डाणातलं नव्हतं, उभं असतानाचं होतं: बाहेर बांधलेल्या विमानाचे एलेरॉन रात्रभर वाऱ्याने आपटत राहतात. आता मुक्काम कुठेही असो, उतरताना सीटच्या पट्ट्याने स्टिक करकचून बांधल्याशिवाय आम्ही दोघंही विमान सोडत नाही.